सहा नंबरवरची तार

सोमवार, ८ फेब्रुवारी १९९३

मोटार कंपनीकडून आज पुन्हा माल परत आला. ब्रेकच्या पेडलला मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा. खोकी उघडून मी स्वतः मोजल्या. एक आखूड, दोन लांब, मग काही अगदी हव्या तशा, मग पुन्हा लांब. तारेला दोष द्यावा तर तीही सोय नाही. जाडी बरोबर, ताकद बरोबर, पीळ दिला तर हवी तितकी वळून मगच तुटते. एका रिळाची तार लोण्यासारखी वळते, शेजारच्या रिळाची मशीनला रडवते, आणि कागदावर दोघी जुळ्या बहिणी.

आमचे मालक मिस्टर रूपर्ट म्हणाले, "मग सेटरचीच चूक. दुसरं काय असणार?" त्यांचे वडील असं म्हणाले नसते. वडील स्वतः सेटरसारखं मशीन जुळवून लावायचे. रूपर्ट कारखाना कसा चालवायचा ते लंडनला शिकून आलेत.

मशीनमशीनवर चार्ट टांगायला मी सुरुवात केली तेव्हा मशीनशॉपमध्ये हशा पिकला होता. थोड्या थोड्या वेळानं सेटरनं पाच स्प्रिंगा उचलायच्या, मोजायच्या, सरासरीचा ठिपका मांडायचा. मधे एक रेषा, वर-खाली दोन मर्यादा. ठिपके मर्यादेच्या आत भटकत असतील तर भटकू द्यायचे, मशीनला हात लावायचा नाही. बाहेर पडला तर थांबायचं आणि कारण शोधायचं. कारण शोधायचं, माणूस नाही. हे वाक्य मी प्रत्येक सेटरकडून पाठ करून घेतलंय.

कंबर आज फार दुखतेय. लवकर झोपते.

बुधवार, १७ फेब्रुवारी

विद्यापीठातून आमच्या तारेचं कोडं बघायला डॉ. नेरिस पॉवेल आल्या. मला वाटलं होतं कुणी पांढऱ्या केसांच्या बाई असतील. ही तर तिशीतली, वेल्श, बुटांना चिखल, आणि आल्या आल्या विचारते, "टॉयलेट कुठंय?" मला एकदम आवडली.

तिचं शास्त्र केऑसचं. मी म्हटलं, मला शाळेपुरतंच गणित येतं. ती म्हणाली, "बरं, पाऊस येतो ना समजायला? दोन महिने घ्या. दोन्हींत ओले दिवस तितकेच, कोरडे तितकेच, पडलेलं पाणीही तितकंच. एका महिन्यात पाऊस एकाआड एक दिवस आला. दुसऱ्यात सगळे ओले दिवस लागोपाठ. तुमच्या चाचणीला दोन्ही महिने सारखेच दिसणार. पण दुसऱ्या महिन्यात नदी तुमच्या स्वयंपाकघरात येते."

"म्हणजे आकडे तेच, ओळीत उभे कसे राहिले त्याला महत्त्व."

"शाळेपुरतंच गणित म्हणे!" ती हसली.

तिची पद्धत अशी: तारेचा लांबलचक तुकडा दांड्यावर घट्ट गुंडाळायचा, मग वेढे सैल सोडायचे. वेढ्यावेढ्यांतलं अंतर लेझरनं मोजायचं आणि प्रत्येक अंतर त्याच्या पुढच्या अंतरासमोर मांडून बघायचं. जे बेशिस्त वाटतं त्याच्यामागेही कधीकधी नियम असतो, फक्त इतका नाजूक की इवलासा फरक वाढत वाढत कुठल्या कुठे जातो. चांगल्या तारेचं चित्र वेगळं, वाईट तारेचं वेगळं, असा तिचा कयास आहे. सिद्ध मात्र झालेलं नाही.

त्यासाठी तिला आमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. कुठलं रीळ मशीनवर खरोखर त्रास देतं याची खात्रीची माहिती. एकच मशीन, एकच माणूस, आणि तार कितीही नाचली तरी मशीनला हात लावायचा नाही. सेटर मधेमधे चावी फिरवत बसला तर तारेचा दोष आणि हाताचा दोष एकमेकांत मिसळून जातील.

माणूस निवडायला मला क्षणही लागला नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

होरेस बिडल. सहा नंबरच्या मशीनवरचा. त्याचा चार्ट आजवर शॉपमधला सगळ्यांत शांत. मुख्य म्हणजे त्याला उगाच खुडबुड करायची सवय नाही. टेरी मॉससारखा तरुण सेटर असता तर पहिल्या लांब स्प्रिंगलाच पाना घेऊन धावला असता.

त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं चष्मा पुसला. "म्हणजे गोंधळाचं शास्त्र. त्यासाठी विद्यापीठात कशाला जायचं? आमच्या घरी यायचं, रविवारी, माझ्या तिन्ही बहिणी जेवायला आल्या की."

"करशील ना?"

"वाईट रिळं सगळी माझ्याकडे?"

"वाईट आणि चांगली, आलटून पालटून. पण हो, संशयातली सगळी तुझ्याकडेच."

"आणि हात लावायचा नाही."

"अजिबात नाही."

त्यानं चष्मा परत चढवला. मग म्हणाला, "ऑड्रे, चार्ट माझ्या मशीनवर टांगलेला असतो. येणारा-जाणारा तो बघतो. तारेवर पाटी नसते, ही वाईट म्हणून."

"अरे, सगळ्यांना माहीत असणारच की."

"सगळे म्हणजे कोण?"

मी हसले. म्हटलं, "मी आहे ना." त्यानं मान हलवली आणि पहिलं रीळ चढवलं.

बुधवार, ३ मार्च

सहाचा चार्ट बघवत नाही. ठिपके वरच्या मर्यादेच्या पार, खालच्या पार. हेच तर हवंय! प्रत्येक वाईट रिळाचा तुकडा कापून मी नेरिसला पाठवते.

होरेस खुर्चीवर बसून असतो, हात मांडीवर. डब्यात वाईट स्प्रिंगा पडत असतात आणि तो बघत असतो. टेरी जाता जाता म्हणाला, "काय होरेसकाका, पेन्शन सुरू झाली वाटतं?" सगळे हसले, होरेससुद्धा. मग मी बघितलं, त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

कॅन्टीनला आयव्ही, होरेसची बायको, चहा ओतता ओतता म्हणाली, "घरी आल्यावर जेवत नाही गं तो नीट. म्हणतो, दिवसभर स्वतःच्या हातानं घाण करतोय असं वाटतं."

"आणखी थोडेच दिवस, आयव्ही."

"तू म्हणतेस म्हणून करतोय हो. माझं ऐकून त्यानं कधी भिंतीत खिळाही ठोकला नाही." आणि साखर न विचारता दोन चमचे घातली. मी साखर घेत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे.

शुक्रवार, १२ मार्च

आनंदाची गोष्ट. मिस्टर रूपर्टना चार्टांत रस निर्माण झालाय! आज स्वतः शॉपमध्ये उतरले, प्रत्येक मशीनपुढे थांबले. बरोबर बर्मिंगहॅमचा एक सल्लागार होता, निळा सूट, शिष्टाचारी माणूस. म्हणाला, "इतकी नीटस माहिती मी फार थोड्या कारखान्यांत पाहिली. एकच सूचना करू? मशीनच्या नंबराबरोबर सेटरचं नावही असलं तर वाचायला सोयीचं पडेल."

वाजवी वाटलं. दुपारी बसून सगळ्या चार्टांवर नावं घातली. त्यानं महिन्याच्या प्रती मागवल्यात. इतकी वर्षं मी ओरडत होते, आज कुणीतरी कान दिला.

मंगळवार, ३० मार्च

मिस्टर रूपर्टनी मला हॉटेलात जेवायला नेलं. माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच. बटाट्याचं मॅश आणि किडनी भरलेली पाय-पेस्ट्री, पेस्ट्री जरा कोरडी होती. चार्टबद्दल खूप विचारलं. "सगळ्यांत वाईट कुठला चालू आहे?"

"सहा!" मी हसतच सांगितलं. "पण ते मुद्दाम आहे." मग तार, नेरिस, पावसाचं उदाहरण, सगळं सांगितलं. ते मान डोलवत होते. मधे वेटरला बिलाची खूण केली.

"निकाल कधी येणार या बाईंचा?"

"महिनाभरात. त्यांचं लेझर दुरुस्तीला गेलंय."

"छान, छान," म्हणाले.

घरी येताना वाटलं, होरेसलाही बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, ८ एप्रिल

ईस्टरच्या सुटीआधीचा दिवस. दुपारी चहाच्या सुमारास तीन सेटरना वर मालकांच्या ऑफिसात बोलावलं. तिघांची नोकरी संपली. मोटार कंपनीनं ऑर्डर कमी केली आहे म्हणे, माणसं कमी करणं भाग आहे म्हणे, आणि निवड पूर्णपणे वस्तुनिष्ठ आहे म्हणे.

पहिलं नाव होरेसचं.

मी जिन्यात उभी होते. तो खाली उतरला, माझ्याजवळून गेला, सहा नंबरपाशी जाऊन मशीन बंद केलं. अर्धं रीळ शिल्लक होतं. तारेचं टोक त्यानं नीट वाकवून अडकवून ठेवलं, सुटून कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. मग कोट घेतला.

मी म्हटलं, "होरेस, मी आत्ता वर जाते, हा गैरसमज आहे."

तो म्हणाला, "जा."

मी वर गेले तोवर मिस्टर रूपर्टची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

शुक्रवार, ९ एप्रिल. गुड फ्रायडे

बिडलांच्या घरी गेले. दार आयव्हीनं उघडलं. साखळी न काढता.

"तो बागेत आहे."

"भेटू?"

"काय सांगणारेस? थोडेच दिवस?"

मी म्हटलं, आयव्ही, मला माहीत नव्हतं.

"तुला माहीत नव्हतं हे खरं आहे," ती म्हणाली. "तेच तर मी त्याला काल सांगत बसले. तिला माहीत नव्हतं म्हटलं, अरे, ती हुशार आहे, म्हणून तिला माहीत नव्हतं." आणि दार लावलं.

जाताना त्यांच्यासाठी बन घेतले होते ते तसेच पिशवीत आहेत.

मंगळवार, १३ एप्रिल

मिस्टर रूपर्ट रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

"ऑड्रे, मी कुणाला काढायचं? ज्याचा चार्ट सगळ्यांत चांगला त्याला? मग कोर्टात काय सांगू?"

"तो चार्ट होरेसचा नाही, तारेचा आहे. मी तुम्हाला हॉटेलात सांगितलं होतं."

"सांगितलंत. तारेत दोष आहे हे तुमच्याकडे कागदावर आहे?"

"निकाल यायचाय."

"आणि चार्ट आलेला आहे." त्यांनी प्रत माझ्यापुढे सरकवली. "यातला एखादा आकडा चुकीचा आहे का? असेल तर सांगा, मी आजच त्याला परत बोलावतो."

मी बघत राहिले. एकही आकडा चुकीचा नव्हता.

खोटं बोलायची संधी ते मला देत होते का? आत्ता लिहिताना हा विचार आला. तेव्हा आला नाही. आला असता तरी मी बोलले असते की नाही, देव जाणे.

गुरुवार, २९ एप्रिल

नेरिसचा फोन. आवाज आनंदानं फाटत होता. "ऑड्रे, जमलं! तुमची सगळी वाईट रिळं वेगळी निघाली! एकही चुकलं नाही! असा स्वच्छ पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता. तो तुमचा सेटर कोण, त्याला माझ्याकडून बाटली द्या."

मी तिला सांगितलं.

 ती वेल्शमध्ये काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही.

निकालाचा कागद घेऊन वर गेले. मिस्टर रूपर्ट खूष झाले. खरोखर खूष. तारवाल्यांना फोन लावून चांगले खडसावले. ते सगळी जुनी रिळं उचलून नेणार आणि नवी देणार. मी म्हटलं, "मग होरेस?" ते म्हणाले, "एका वेळी एक गोष्ट, ऑड्रे."

गुरुवार, २० मे

सहा नंबरवर आता टेरी आहे. नवी तार आणि टेरी, दोन्ही एकाच आठवड्यात आले.

आज मोटार कंपनीचे दोन पाहुणे आले होते. मिस्टर रूपर्टनी त्यांना सहापुढे उभं केलं. डावीकडे होरेसचे महिने, उजवीकडे टेरीचे. डावीकडे डोंगरदऱ्या, उजवीकडे सपाट. "सेटर बदलला," ते म्हणाले, "आणि फरक बघा."

मी पुढे होऊन म्हटलं, "तारही बदलली."

"हो, तारही," ते म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन पुढच्या मशीनकडे गेले.

जुन्यातलं एक रीळ मी तारवाल्यांच्या ट्रकमध्ये चढू दिलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर टेरीला म्हटलं, "टेरी, एकच शिफ्ट. हे चढव आणि हात लावू नकोस. होरेसची चूक नव्हती एवढं सिद्ध होईल."

त्याचा चेहरा उतरला. "ऑड्रेबाई, होरेसकाकांबद्दल मला वाईट वाटतं. खरंच. त्यांनीच मला पाना धरायला शिकवलं. पण चार्टवर नाव कुणाचं येणार?"

"मी लिहून देते की हा प्रयोग आहे."

"त्यांनाही तुम्ही सांगितलं होतंत ना?" तो उद्धटपणे नाही बोलला. खाली बघून बोलला. "घरी बायको आहे, जुळी आहेत. मला सांगू नका, प्लीज."

मी रीळ परत नेलं. मिस्टर रूपर्टना म्हटलं, तुम्हीच हुकूम द्या. ते म्हणाले, मुद्दाम वाईट माल काढायला मी पगार देत नाही. आणि नेरिसकडे तुकडे पाठवणंही आता थांबवायचं. प्रश्न सुटला आहे.

मंगळवार, १४ सप्टेंबर

बर्मिंगहॅम. नोकरीवरून काढल्याबद्दल होरेसनं केलेल्या दाव्याची सुनावणी. युनियनकडून मी साक्षीला उभी राहिले. अजून कंपनीत आहे, त्यांनी काढलं नाही. काढतील तर त्यांनाच वाईट दिसेल.

कंपनीचा वकील तरुण होता, सौम्य बोलत होता. हा चार्ट खरा आहे का? होय. मोजमाप तुमच्या देखरेखीखाली झालं? होय. नाव तुम्हीच लिहिलंत? होय. हा प्रयोग आहे असं चार्टवर कुठे नोंदलंय? नाही. धन्यवाद, मिसेस टॉलिस.

युनियनच्या माणसानं मला समजावून सांगायची संधी दिली. मी समजावलं. सरासरी, विखुरलेपण, ओळीतला क्रम, वेढ्यांमधली अंतरं. पावसाचं उदाहरण दिलं. पंचांपैकी एक बाई डोळे मिटून ऐकत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे दोन तारा, जाडी तीच, ताकद तीच, तुमच्या प्रत्येक चाचणीत दोन्ही पास. तरी एक वाईट."

"होय."

"आणि हे वाईटपण फक्त मिस्टर बिडल यांच्या मशीनवर दिसलं."

"कारण ती तार मी फक्त त्यांच्याच मशीनवर चढवली!" माझा आवाज चढला. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं.

होरेस हरला. नेरिसचा निकाल नंतरचा, तेव्हा कंपनीपाशी जी माहिती होती तिच्यावर ती प्रामाणिकपणे विसंबली, असं त्यांनी ठरवलं. माहिती माझी होती.

बाहेर पायऱ्यांवर तो उभा होता, ठेवणीतला कोट, आयव्ही टॅक्सी बघायला गेलेली. माणूस केवढा लहान दिसतो पाठीमागे मशीन नसलं की. म्हणाला, "बरं बोललीस. मला पहिल्यांदा कळलं ते नेमकं काय होतं."

"तू अपील कर, मी परत येईन."

"नको, ऑड्रे." त्याचे हात खिशात होते. "एक विचारू? तेव्हा मी अधूनमधून चोरून मशीन नीट लावलं असतं, तर तुला कळलं असतं?"

मी खरं ते सांगितलं. "नसतं कळलं. कदाचित."

"मला रोज वाटायचं लावावं," तो म्हणाला. आयव्हीनं हाक मारली तसा तो पायऱ्या उतरून गेला.

आयव्हीनं सोमवारपासूनच कॅन्टीन सोडलंय. तिथे आता चहाचं यंत्र बसवलंय.

बुधवार, १० नोव्हेंबर

शॉपमधले सगळे चार्ट सुंदर आहेत. उन्हाळ्यापासूनच. मला आधी वाटलं नवी तार. मग तारेचे नवे लॉट आले, हवा थंड झाली, मशीनं जुनीच, तरी ठिपके मधल्या रेषेला चिकटून. जिवंत मशीन असं चालत नाही. ते थोडं भटकतंच.

आज सकाळी टेरी चहाला गेला तेव्हा सहा नंबरच्या डब्यातून मूठभर स्प्रिंगा घेतल्या आणि माझ्या खोलीत जाऊन मोजल्या. लांब, लांब, आखूड, बरी, लांब. होरेसच्या महिन्यांसारख्याच. तारवाल्यांनी पुन्हा तसलं रीळ दिलंय, आणि ओळखणारं आता कुणी नाही. चार्टवर मात्र टेरीच्या हातचे ठिपके, माळेत ओवल्यासारखे.

माल बांधून तयार होता. दुपारी ट्रक येणार होता. ब्रेकच्या स्प्रिंगा.

टेरीला खोलीत बोलावून त्या स्प्रिंगा टेबलावर ओतल्या.  त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. मग म्हणाला, "आठही मशीनांवर असंच चाललंय. मी एकटाच नाही." आणि थोड्या वेळानं, "सांगणार आहात?"

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याला कुणी शिकवलं?

वर गेले. म्हटलं, माल थांबवा, सगळा परत मोजायचा आहे.

मिस्टर रूपर्ट उठून उभे राहिले. "का? चार्ट तर उत्तम आहेत!"

"चार्ट चुकीचे आहेत. माझी चूक. सेटरना मोजायची गेजं मीच लावून देते. ती मी चुकीची लावत होते. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं."

"सगळी गेजं?"

"सगळी."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही. पण त्यांना ते सोयीचं होतं एवढं कळलं. "हे लेखी द्यावं लागेल, ऑड्रे. मोटार कंपनीला माणसाचं नाव द्यावं लागतं."

"देते."

तिथेच बसून लिहिलं आणि सही केली. इतक्या वर्षांत खोटं पहिल्यांदाच लिहिलं.  नाताळनंतर मी यायची गरज नाही, असं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं.

ट्रक रिकामा परत गेला. सहावरचं रीळ मी उतरवून गाडीच्या डिकीत घातलं, शनिवारी नेरिसकडे नेईन. उचलताना कंबर पुन्हा धरली. टेरीनं नवं रीळ चढवलं, पाना घेतला, मशीन लावायला वाकला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. आणि एकही स्प्रिंग न मोजता चार्टवर दुपारचा पहिला ठिपका मधल्या रेषेवर, बरोबर रेषेवर, मांडला.